दोन शब्द बोलावेत, ही विनंती

दिवाळी आटोपली, भाऊबीजेचं ओवाळून झालं की भंडारा जिल्ह्यात मंडईचा हंगाम लागतो. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, पाळणे, भजी-जिलेबी, माहेरी आलेल्या लेकीबाळी. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर नाटक. या मंडईची निमंत्रणपत्रिका हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी अशी नावांची उतरंड एवढी लांब की मधून नाटकाचं नाव हुडकून काढावं लागतं. आणि यातल्या बऱ्याच जणांना सूत्रसंचालक रात्री माईकपाशी बोलावतो आणि म्हणतो, दोन शब्द बोलावेत, ही विनंती.

समोर बसलेल्या माणसांचा विचार करा. दिवसभर धानाच्या कापणीवर राबून आलेली, अंगावर चादर ओढून बसलेली, मांडीवर पेंगुळलेली पोरं. ती आली आहेत नाटकासाठी. त्यांना तुमच्या दोन शब्दांशी काहीही देणंघेणं नाही. अशा लोकांसमोर उभं राहून तीन मिनिटं त्यांना आपल्याकडे बघायला लावणं, याइतकी कडक परीक्षा कुठल्याही वक्तृत्व स्पर्धेत होत नसेल. स्पर्धेत परीक्षक निदान कागदावर गुण लिहितात. मंडईत शिट्टी ऐकू येते आणि मागून कोणीतरी ओरडतं, 'पडदा उघडा ना जी!'

तरीही माणसं बोलायला शिकतात ती अशाच ठिकाणी. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिथे महाराष्ट्राने मोठमोठे वक्ते ऐकले. ऐकणं ही शिकण्याची पहिली पायरी, पण उभं राहून बोलायची संधी तिथे मोजक्यांनाच. ती संधी गावाकडे भरपूर. बचत गटाची मासिक बैठक, गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना, चौदा एप्रिलची सभा, समाजाचा परिचय मेळावा, शाळेचं स्नेहसंमेलन आणि ग्रामसभा. यापैकी बचत गटाची बैठक मला सगळ्यात उपयोगी वाटते. दहा-बारा बायका, एक सतरंजी, मधोमध हिशोबाचं रजिस्टर. इथे कोणी भाषण करत नाही. 'मागच्या महिन्यात बचत इतकी जमली, कर्ज इतकं गेलं, दोघींचा हप्ता बाकी आहे' हे मोठ्याने वाचायचं आणि ज्यांचा हप्ता बाकी आहे त्यांच्या तोंडाकडे बघून वाचायचं. ज्या बाईला हे जमलं, तिला पुढे व्यासपीठाची भीती घालणं अवघड.

आमच्या भागात बोलणाऱ्याला आणखी एक भीती असते आणि ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. इथल्या झाडीबोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही, 'श' नाही. घरात, बांधीत, ढाब्यावर माणूस खळखळून बोलतो, विनोद करतो, भांडतो. माईक पुढे आला की त्याला शाळेतले गुरुजी आठवतात. मग 'पानी' म्हणू की 'पाणी', या विचारात मुद्दाच निसटतो. मी असे कितीतरी लोक पाहिले आहेत, ज्यांना लोकांची नव्हे तर स्वतःच्या जिभेची धास्ती वाटते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास करण्यात आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली, ही बोली अशुद्ध नाही हे पुन्हा पुन्हा मांडलं. तरी व्यासपीठावरचा माणूस अजून अडखळतोच. गंमत अशी की त्याच व्यासपीठावर थोड्या वेळाने दंडारीतलं सोंग येतं आणि याच बोलीत असं काही बोलतं की सगळी मंडई लोटपोट होते. भाषणाला लाजणारी बोली सोंगाला चालते. माझं तर म्हणणं, 'पानी आलं नाही तं रोवना कसा होईल जी?' हे वाक्य ज्याला पोटातून बोलता येतं त्याने ते तसंच बोलावं. पाटबंधारे खात्याच्या साहेबाला ते बरोबर समजतं.

विदर्भात लोकांशी बोलण्याचे दोन मोठे गुरू होऊन गेले आणि दोघांच्याही हातात काही ना काही असायचं. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराट्याने रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. दिवसभर ज्याला आपलं अंगण झाडताना पाहिलं, तो रात्री स्वच्छतेबद्दल बोलू लागला की ऐकणाऱ्याला वेगळा पुरावा लागत नसे. शिवाय कीर्तनात ते उपदेश कमी आणि प्रश्न जास्त करत. प्रश्न असा विचारायचा की उत्तर लोकांच्याच तोंडून यावं, आणि उत्तर देता देता लोकांनाच हसू फुटावं. बी.ए., एम.ए. काही नाही, पण आजच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत हेच तंत्र फी घेऊन शिकवतात.

दुसरे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८). त्यांची खंजेरी. लाकडाचं कडं, एका बाजूने चामडं, कडेला छोट्या झांजा. पिशवीत मावते, वीज लागत नाही, चार्ज करावी लागत नाही, एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवता येते. खिशात-पिशवीत बाळगायच्या उपयोगी वस्तूंची जी यादी हल्लीची पोरं करतात, तीत मी पहिल्या क्रमांकावर खंजेरी टाकेन. नवख्या वक्त्याचा सर्वात मोठा प्रश्न काय बोलावं हा नसतो; हातांचं काय करावं हा असतो. मागे बांधले तर शिक्षा झाल्यासारखं दिसतं, खिशात घातले तर उर्मट वाटतं, सोडून दिले तर ते परक्याचे वाटू लागतात. खंजेरीने हातांना काम मिळतं, शिवाय दोन ओळींच्या मध्ये ठेका वाजत असताना बोललेलं लोकांच्या मनात मुरायला वेळ मिळतो. थांबायचं कुठे, हे शिकायला माणसाला वर्षं लागतात. खंजेरी ते आपोआप शिकवते. मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेली सामुदायिक प्रार्थना गुरुदेव सेवा मंडळांमार्फत विदर्भातल्या गावोगावी पोचली. पोरवयात चारचौघांत मोठ्याने तोंड उघडायची सवय तिथेच लागलेली माणसं आजही भेटतात.

वक्तृत्वाची एवढी थोरवी गातोय, तर भंडाऱ्याचाच एक जुना दाखला सांगितला पाहिजे. १९५४ साली इथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. राखीव जागेसाठी उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि ते हरले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. घटनेच्या मसुद्यावर सभागृहाला तासन् तास खिळवून ठेवणारा माणूस आमच्या जिल्ह्यात पराभूत झाला. तेव्हा चांगलं बोललं की काम फत्ते, असं जे कार्यशाळावाले सांगतात त्यावर मी फार विश्वास ठेवत नाही. बोलण्याचा उपयोग वेगळा असतो. इथली निवडणूक कोण जिंकलं, हे आज भंडाऱ्यातही फार थोड्यांना सांगता येईल. बाबासाहेबांचं बोलणं मात्र चौदा एप्रिलला पाचवी-सहावीतली पोरं पाठ करून म्हणतात.

त्याच १९५४ साली तिकडे अमेरिकेत खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण मला त्या शेजारी ठेवायला आवडतात. पुढे काही वर्षांतच आपल्याकडे नवरदेव हुंड्यात घड्याळ, सायकल आणि रेडिओ मागू लागला, आणि शेताच्या बांधावर बसलेला माणूस मोठमोठ्या वक्त्यांचा आवाज कानाशी धरून ऐकू लागला. त्याआधी गावाकडच्या माणसाला नेत्याचा आवाज ऐकायचा तर बहुधा सभेलाच जावं लागे. आणि सभेत मागच्या रांगेपर्यंत पोचायचा तर तो आवाज मुळातच दणदणीत असावा लागे. १९१९ साली सान दिएगो शहरात अध्यक्ष वुड्रो विल्सन विजेच्या ध्वनिवर्धकावरून बोलले. अमेरिकेच्या अध्यक्षाने असं बोलण्याची ती पहिलीच वेळ. तोवर जगात पुढारी होण्यासाठी छातीचा भाता मजबूत असणं ही जवळपास अटच होती. माईकने ती अट काढली. बारीक आवाजाच्या माणसालाही, आणि विशेषतः बायकांना, हजारोंसमोर बोलता येऊ लागलं. भोंग्यांचा त्रास मलाही होतो, रात्री दहानंतर तर फारच. पण हे उपकार विसरता येत नाहीत.

आता तो माईक बोराएवढा झाला आहे. पदराला लावायचा, दुसरा तुकडा मोबाईलला जोडायचा. आमच्या नात्यातल्या एक वहिनी लाखनी तालुक्यात राहतात, बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. त्यांच्या मुलाने रिळं करायला म्हणून असा कॉलर माईक मागवला. मुलाचा उत्साह पंधरा दिवसांत ओसरला आणि माईक वहिनींच्या हाती आला. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, हा लावला की आपला आवाज अख्ख्या गावाला ऐकू जाईल. बऱ्याच जणांचा असाच समज असतो. तो माईक आवाज मोठा करत नाही, मोबाईलमध्ये भरून ठेवतो. कुठे लावावा, हेही त्यांनी स्वतःच शोधून काढलं. खांद्यावरच्या पिनेपाशी लावला तर पदर घासून खरखर येते, काठ जरीचा असेल तर आणखीच. मंगळसूत्राच्या वाट्या त्यावर आपटल्या की टकटक. शेवटी ब्लाऊजच्या गळ्याला, हनुवटीपासून वीतभर खाली ही जागा ठरली. अंगणात बोलायचं असेल तर त्यावर ती मांजराच्या पिलासारखी केसाळ टोपी घालायची, म्हणजे वाऱ्याचा घोंगाट येत नाही.

मग त्यांनी स्वतःचं बोलणं ऐकलं. त्यांचा पहिला उद्गार बहुतेक सगळ्यांचा असतो तोच: हा माझा आवाज नाही! याचं कारण साधं आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही कानात पोचतो आणि हाडं खालचे, जाड सूर चांगले वाहून नेतात. म्हणून स्वतःला आपण भारदस्त वाटतो. मोबाईलमध्ये हाडांतला भाग येत नाही, आवाज बारीक आणि परका वाटतो. लोक मात्र आयुष्यभर तोच ऐकत आलेले असतात. दोन-चार दिवसांत वहिनींचं आवाजावरचं लक्ष उडालं आणि दुसरंच काहीतरी खुपू लागलं. दर वाक्याआधी 'तर काय आहे की', आणि वाक्याचा शेवट गिळलेला. 'काम झालं पाहिजे' मधलं 'पाहिजे' ऐकूच येत नव्हतं. मागणी करायची आणि मागणीचाच शब्द पोटात ठेवायचा, ही पिढ्यान् पिढ्यांची सवय. घरात कोणी सांगितली असती तर त्यांना राग आला असता. यंत्राचा राग येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

अमेरिकेत राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली टोस्टमास्टर्स नावाची संघटना सुरू केली. आज जगभर तिच्या बैठका भरतात. तिथे एक जण खास या कामावर बसवलेला असतो की बोलणाऱ्याने किती वेळा 'अं', 'आँ' केलं ते मोजायचं. दुसरा दिवे दाखवतो. आयत्या वेळच्या विषयावर बोलताना एक मिनिट झालं की हिरवा, दीड मिनिटाला पिवळा, दोन मिनिटांना लाल. आमच्या मंडईच्या व्यासपीठावर हा लाल दिवा बसवायची सूचना मी एकदा करून पाहणार आहे. ती मंजूर होणार नाही याची खात्री आहे. पण मनगटावरचं स्मार्ट घड्याळ हे काम करतं. तीन मिनिटांचा गजर लावला की आवाज न करता मनगटाला थरथर देतं. श्रोत्यांना कळत नाही, वक्त्याला कळतं. पुढे थांबायचं की नाही, हे मात्र घड्याळाच्या हाती नसतं.

सगळीच उपकरणं अशी गुणी असतात असं नाही. मोबाईलवर मजकूर सरकवणारी टेलिप्रॉम्प्टरची सोय बघा. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकाला प्रॉम्प्टर नवा नाही. हंगामात रोज वेगळ्या गावी प्रयोग, तालमीला वेळ नाही, म्हणून प्रेक्षकांना दिसणार नाही असा बसलेला तो माणूस वाक्य पुरवतो आणि नट ते उचलून रंगवतो. पण तो माणूस नटाच्या श्वासाकडे बघून वाक्य देतो. नट टाळीसाठी थांबला तर तोही थांबतो. मोबाईल थांबत नाही. टाळी पडो न पडो, ओळी वर सरकतच राहतात आणि बोलणारा त्यांच्यामागे धावतो. त्यापेक्षा चिठोऱ्यावर तीन शब्द लिहिलेले बरे.

ब्लूटूथचा छोटा स्पीकर घेऊन त्यावर भाषण करणाऱ्यांचीही मी गंमत पाहिली आहे. गाण्यांना तो उत्तम. पण मोबाईलमध्ये बोललेलं त्या स्पीकरमधून बाहेर यायला किंचित वेळ लागतो. आपलाच आवाज सेकंदाच्या साधारण पाचव्या भागाइतका उशिरा आपल्या कानावर आला, तर चांगला अस्खलित बोलणारा माणूसही अडखळतो, शब्द ओढू लागतो. हे प्रयोगांनी फार पूर्वीच दाखवून दिलं आहे. एका निरोप समारंभात एक जुने, कसलेले वक्ते असे चाचरले की लोकांना वाटलं त्यांना गहिवरून आलं. दोन बायकांनी डोळे पुसले. दोष होता स्पीकरचा. अशा वेळी तारेचा माईकच बरा. तो शिट्टी मारत असेल तर भोंग्याच्या तोंडासमोरून बाजूला व्हायचं, कारण भोंग्याचा आवाज माईकमध्ये आणि माईकचा पुन्हा भोंग्यात असा फेरा सुरू झाला की तो किंचाळतो. नवखे लोक घाबरून माईक हाताने झाकतात आणि शिट्टी आणखी वाढते.

असल्या वस्तूंचा नाद म्हणजे पैशाचा धूर, असं म्हणणारे घरोघरी आहेत. मला तसं वाटत नाही. लाजरा माणूस 'मला भाषण शिकायचंय' असं चारचौघांत कबूल करणार नाही. 'हे नवं काय आलंय, जरा बघू' असं म्हणून तो माईक मात्र लावून बघतो, आणि लावला की काहीतरी बोलावंच लागतं. खेळता खेळता शिकण्याची ही वाट आहे आणि पाचशे-हजार रुपयांत ती महाग नाही. फक्त खेळणं कपाटात जाण्याआधी माणूस सभेत गेला पाहिजे.

वहिनी जाणार आहेत, २६ जानेवारीच्या ग्रामसभेला. त्याआधी महिला सभा होते, तिथे त्या आधी बोलून घेतील. विषय गावच्या मामा तलावाचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचा. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, गाळ साचत गेला आणि आता अर्धा तलाव बेशरमच्या झुडपांनी भरला आहे. ती उपटायचं काम ग्रामपंचायतीच्या यंदाच्या आराखड्यात घ्यावं, मजुरी गावातच द्यावी आणि काम कधी सुरू होणार ती तारीख त्याच सभेत इतिवृत्तात लिहावी, असे त्यांचे तीन मुद्दे. मोबाईलवर सराव चालू आहे, 'पाहिजे' आता स्वच्छ ऐकू येतं. गणपूर्तीचा नियमही त्यांनी पाठ केला आहे: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हवीत, नाहीतर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे मूठभर लोकांत ठराव उरकले जातात. म्हणून गटातल्या सगळ्याजणींनी घरटी एक बाई आणायचं कबूल केलंय. कॉलर माईक त्या घरीच ठेवणार आहेत. सभेतला एकुलता माईक सरपंचांच्या टेबलावर असतो, तेव्हा यावेळी मागे दाराशी न बसता पहिल्या रांगेत, टेबलाला हात पोचेल अशा जागी बसायचं, एवढं त्यांनी पक्कं केलंय.